क्लच भिकनकडे

दोन माणसं मिळून एकच गाडी चालवत असतील, तर लायसन कोणाचं लागतं?

भिकननं हा प्रश्न लायसन काढून देणाऱ्या एजंटाला विचारला. एजंट म्हणाला, "चहा घेणार का?" पंपावर डिझेल भरणाऱ्याला विचारला. तो म्हणाला, "गाडी पुढं घ्या." गावातल्या वकिलाला विचारला, तर वकिलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागला. शेवटी त्यानं दादालाच विचारलं. दादा म्हणाला, "तू क्लचकडं बघ."

प्रश्न काही गंमत म्हणून विचारलेला नव्हता. रंगनाथ आणि भिकन हे दोघे भाऊ खरोखरच एक पिकअप मिळून चालवत होते. मिळून म्हणजे आज तू, उद्या मी असं नव्हे. एकाच वेळी.

त्याचं असं झालं होतं की थोरल्या रंगनाथचा डावा गुडघा जत्रेतल्या कुस्तीत गेला होता. (समोरच्या पैलवानानं त्याला काहीही केलं नव्हतं. कुस्ती जिंकल्यावर रंगनाथनं आनंदानं उडी मारली. उडी चांगली झाली, उतरणं बिघडलं.) डॉक्टरांनी सांगितलं की उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, डाव्या पायानं जोर लावायचा नाही आणि जिने टाळायचे. घरी येऊन रंगनाथ बायकोला म्हणाला, "आपल्याकडं जिना नाहीच. म्हणजे एक पथ्य तर आपोआप पाळलं." आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला एरंडाची पानं बांधून तो झेंडूच्या वावरात हजर.

धाकट्या भिकनचा उजवा खांदा शाळेत असतानाच निखळला होता. निफाडच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीमागे पळून ऊस ओढायचा, हा त्या भागातल्या सगळ्याच पोरांचा उद्योग. भिकननं ओढला. ऊस आला नाही, खांदा आला. तेव्हापासून हात जरा उंच गेला किंवा हिसका बसला की खांद्याचा गोळा जागेवरून उठून फिरायला जायचा. डॉक्टर म्हणाले, हात वर करायचा नाही. भिकननं त्याचा अर्थ असा लावला की आता वर्गात उत्तर देता येणार नाही, मग शाळेत जाऊन करायचं काय? (त्याआधीही त्यानं उत्तरासाठी कधी हात वर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.) सातवीनंतर तो थेट वावरात आला.

मग दादानं दोन मोडक्या माणसांचं एक माणूस बनवलं. जमिनीपासून कमरेपर्यंतची कामं भिकनची, कमरेच्या वरची दादाची. झेंडूची खालची फुलं भिकन तोडायचा, वरची दादा. भरलेलं क्रेट भिकन कमरेपर्यंत उचलायचा, तिथून ते दादाच्या हातात जायचं आणि गाडीवर चढायचं. घरातही तेच. कॉटखाली गेलेली चप्पल भिकन काढणार, फळीवरचा डबा दादा. उज्ज्वलावहिनी म्हणायची, "माझं लग्न एकाशी झालं, पण वापरायला दोघं लागतात."

गाडीचंही तसंच. दादा स्टेअरिंगवर बसायचा, डावा पाय दुमडून सीटवर घ्यायचा. शेजारी भिकन. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये गिअरचा दांडा, आणि उजवा पाय लांब करून थेट क्लचवर. दादा म्हणाला "घे", की भिकननं दाबायचा. दादा म्हणाला "सोड", की सोडायचा. घे, सोड, घे, सोड करत दोघे रोज पहाटे नाशिकच्या बाजारात झेंडू घेऊन जायचे. रस्त्यात चहाच्या टपरीवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की या दोघांत वाटणीचं भांडण चालू आहे.

आणि खांदा निखळलाच, तर तो बसवायचा कसा, हेही दादालाच माहीत. तो भिकनचा हात धरायचा आणि काहीतरी भलतंच विचारायचा. "भिकन, डब्यातले लाडू कोणी खाल्ले रे?" भिकन खोटं बोलायच्या तयारीला लागला, की टक. खांदा जागेवर. लाडवांचं मात्र तसंच राहायचं.

असा हा रंगनाथ. एका सकाळी वावरात पाणी धरायला गेला, बांधावर जरा टेकला आणि उठलाच नाही. गुडघ्यानं काही केलं नव्हतं. सगळी वर्षं सगळ्यांनी त्या गुडघ्यावर लक्ष ठेवलं, आणि हृदयाकडं कुणी बघितलंच नव्हतं.

भिकन रडला नाही. तो नुसता जेवायला बसला की त्याचा उजवा पाय आपोआप पुढं सरकायचा आणि फरशी दाबायचा.

दहावं रामकुंडावर करायचं ठरलं. सकाळी अंगणात मोतीराममामानं, म्हणजे भिकनच्या आईच्या भावानं, आपली जीप लावली. मामा सगळं ठरवूनच आला होता.

"समदे जीपमधी बसा. आणि नवसाबाई, ती पिकअप आता मी घेऊन जातो. उद्याच माणूस पाठवतो. इथं उभी राहून सडंल. चालवणार कोण?"

नवसाबाई म्हणजे आई. तिनं पिकअपकडं बघितलं. पिकअपवर दहा दिवसांची धूळ बसली होती आणि काचेवर दादानं शेवटच्या खेपेला लावलेली झेंडूची माळ वाळून काळी पडली होती.

भिकनच्या डोक्यात काहीतरी फिरलं. (त्याच्या डोक्यात फिरायला फार वेळ लागत नसे. निर्णय आधी व्हायचा, विचार मागून चालत यायचा.)

"दादा त्याच्या गाडीतूनच जाईल," तो म्हणाला. "मी चालवतो. आन् गाडी कुठं जायची नाय."

"तुला येती?" मामानं विचारलं.

"मामा, मी रोज गाडीतच असतो."

हे खरं होतं. इतकं खरं होतं की भिकनलाही त्या घडीला पटलं की आपल्याला गाडी येते. मामा म्हणाला, "ठीकाय. नीट नेलीस तर गाडी तुझी. नाय तर माझा माणूस उद्या येतोय." आणि आईला, इतर सगळ्यांना जीपमध्ये घालून तो पुढं निघून गेला.

पिकअपमध्ये उरले भिकन, उज्ज्वलावहिनी, आणि वहिनीच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला तांब्या. तांब्यात दादा.

भिकन स्टेअरिंगवर बसला. पहिल्यांदाच. तिथून सगळं उलटं दिसत होतं. त्यानं किल्ली फिरवली. सवयीनं उजवा पाय क्लचवर गेला. गिअर पडला. आता क्लच सोडून एक्सलेटर दाबायचा, तर उजवा पाय एकच, आणि डाव्या पायाला काही माहितीच नाही. तो आयुष्यभर नुसता बसून आलेला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली, मग दुसरी, आणि गोठ्याच्या दारापर्यंत उड्या मारतच गेली.

"दहा दिवस उभी होती ना," वहिनी म्हणाली. "आखडली आसंल."

"हो. आखडलीय."

गावाबाहेर येईपर्यंत दोनदा बंद पडली. एकदा समोरून म्हैस येत होती. म्हशीनं थांबून बघितलं आणि ती स्वतःहून बांधावर चढली.

"भाऊजी," वहिनी तांब्या घट्ट धरून म्हणाली, "हे चालवायचे तेव्हा आशी उडत नव्हती."

"तेव्हा मी तिकडं बसायचो."

वहिनीनं जरा विचार केला. "म्हंजे तुम्हाला गाडी येत नाय?"

"येती. आर्धी येती."

"कंची आर्धी?"

"क्लचची."

"आन् ब्रेक?"

"ब्रेक दादाकडं होता."

दोघांनी तांब्याकडं बघितलं. तांब्यानं ब्रेकबद्दल काही सांगितलं नाही.

"भाऊजी, गाडी थांबवा. मी..."

"तुम्ही दादाला धरा, वहिनी. मी बघतो."

एवढ्यात कसा कोण जाणे, तिसरा गिअर पडला. गाडी एकदम शहाण्यासारखी धावायला लागली. भिकनला धीर आला. चांदोरी गेली, दोन्ही बाजूचे द्राक्षांचे मांडव मागं पळायला लागले, आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गाडी चालू आहे तोवर सगळं ठीक आहे. थांबली तर परत उड्या. म्हणजे आता थांबायचंच नाही. तिसऱ्या गिअरमध्ये घाटापर्यंत.

"भाऊजी, पुढं गतिरोधक हाय."

"धरा."

गतिरोधकावरून दोघं उडाली. तांब्याही उडाला. वहिनीनं तो हवेतच झेलला आणि पदराखाली घेतला. "आवं, त्यांना गुडघा हाय," ती म्हणाली, आणि मग काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तिला हसू आलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. भिकनलाही आलं, पण त्याचं हसू निघताना रस्ता चुकलं आणि डोळ्यांतून आलं. समोरचं सगळं धूसर झालं.

"पुसा ते," वहिनी म्हणाली.

"हात रिकामा नाय."

मग वहिनीनंच पदरानं त्याचे डोळे पुसले, जसा पावसात गाडीच्या काचेवरचा वायपर एकदा इकडून तिकडं जातो तसे. "थांबवा आता. मी काय म्हणते, मी..."

"वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका."

नाशिकच्या नाक्याला सिग्नल होता. रामकुंडाला जायचं तर तिथं थांबून सरळ पलीकडं जायला पाहिजे. पण डावीकडं वळणाऱ्यांना थांबावं लागत नव्हतं. म्हणून भिकन डावीकडं गेला.

"भाऊजी, पंचवटी तिकडं राहिली."

"वळतो पुढं."

पुढंही जिथं वळायचं तिथं एक रिक्षावाला आडवा उभा होता. जिथं रिक्षावाला नव्हता तिथं बस. भिकन ज्या रस्त्याला थांबावं लागणार नाही त्या रस्त्यानं जात राहिला, आणि मोठ्या रस्त्यानं पुलावर आला. खालून नदी.

वहिनीनं खिडकीतून वाकून बघितलं. "भाऊजी, गोदावरी गेली खालून."

"दिसली."

"मग यांना इथूनच सोडायचं का?"

फोन वाजला. वहिनीनं कानाला लावला. मोतीराममामाचा आवाज फोनबाहेरही नीट ऐकू येत होता. "कुठं हाय रं तुम्ही? गुरुजी घड्याळाकडं बघून ऱ्हायले. आमच्यामागं अजून चार जण हायत. आलात नाय तर आपला नंबर जाईल."

"आलोच, मामा," वहिनी म्हणाली. "जरा गोदावरी ओलांडली."

"ओलांडली? ओलांडायची कशाला?"

वहिनीनं फोन बंद केला, कारण समोर द्वारका आली होती. नाशिकमधली सगळी वाहनं द्वारकेच्या चौकात एकमेकांना भेटायला येतात आणि मुक्काम करतात, असं दादा म्हणायचा. त्या दिवशीही सगळी आली होती. पुढं एक कांद्याचा ट्रक. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता. ब्रेक कुठला हे भिकनला ऐनवेळी आठवलं. त्यानं तो दोन्ही पायांनी दाबला. गाडी ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली, शिंकली आणि बंद पडली. ती बंद पडली ती बरोबर चौकाच्या मधोमध.

चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. भिकननं घाईनं स्टेअरिंग जोरात ओढलं, आणि टक.

ही नेहमीची टक नव्हती. ही उलटी टक होती. खांदा फिरायला गेला.

"वहिनी," भिकन पांढराफटक होऊन म्हणाला, "खांदा."

तेवढ्यात खिडकीशी ट्रॅफिकची हवालदारीण येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, तोंडात शिट्टी. शिट्टी काढून ती म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

"घेता येत नाय, मॅडम."

"लायसन दाखवा."

"तेही नाय."

"गाडीत किती जण आहात?"

"तिघं," भिकन म्हणाला.

मॅडमनं आत वाकून मोजलं. "मला दोघंच दिसताहेत. ड्रायव्हर कोण आहे?"

यावर भिकननं चांगल्या हातानं आणि वहिनीनं बोटानं, दोघांनी एकदमच तांब्या दाखवला.

मॅडम काही क्षण तांब्याकडं बघत राहिली. नोकरीत तिनं बऱ्याच ड्रायव्हरांना बघितलं असेल, पण फडक्यात बांधलेला तिला हा पहिलाच असावा. तिचा आवाज जरा उतरला. "कोण होते?"

"माझा दादा. मॅडम, खरं सांगतो, गाडी दादा चालवायचा. पण सगळी नाय. क्लच माझ्याकडं." दुखण्यानं भिकनला दरदरून घाम फुटला होता आणि बोलणं काही थांबेना. वहिनीनं त्याचा लोंबता हात कधी हातात घेतला हे त्याला कळलं नाही. "मग मॅडम, तुम्हाला तर माहीत आसंल. दोन माणसं मिळून एक गाडी चालवत आसतील, तर लायसन कोणा..."

टक.

भिकनच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. खांदा जागेवर होता. वहिनी हात झटकत होती.

"तुम्हाला कसं जमलं?"

"इतकी वर्षं यांचं बघत आले ना. तुम्हाला बोलायला लावायचं आन् ओढायचं."

मॅडम प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडतच होती, पण मागच्या टँकरनं असा काही हॉर्न दिला की ती तिकडं धावली. जाता जाता म्हणाली, "लायसनवालं कोणी असेल तर बसवा, नाहीतर टोइंग बोलावते."

"बसते," वहिनी म्हणाली, आणि पर्समधून एक कार्ड काढून तिनं मॅडमच्या दिशेनं धरलं. लांबूनच. मॅडमनं लांबूनच मान हलवली.

भिकन त्या कार्डाकडं बघत राहिला. त्यावर वहिनीचा दोन वेण्यांतला फोटो होता.

"हे काय?"

"लायसन. दोनदा सांगायला गेले, तुम्ही बोलू देताय का? दिंडोरीला बाबांची द्राक्षबाग. फवारणीचा ट्रॅक्टर मीच चालवायचे. बाजाराला गाडीही मीच न्यायचे. सरका तिकडं."

भिकन सरकला. तांब्या त्याच्या मांडीवर आला. वहिनीनं पदर खोचला, किल्ली फिरवली, आणि गाडी द्वारकेच्या त्या गर्दीतून अशी निघाली, जशी तापल्या तव्यावरून लोण्याची गोळी निघते.

"आवो पण," भिकनला आता कुठं सुचलं, "तुम्हाला येत होती, तर आम्ही दोघं इतकी वर्षं घे-सोड घे-सोड का करत होतो?"

वहिनीनं सारडा सर्कलला गिअर बदलला. तिचा डावा पाय क्लचवर इतका सहज गेला की भिकनला त्या पायाचा रागच आला.

"लग्न झाल्यावर म्हटलं होतं मी यांना. गुडघा दुखतो तर राहू द्या, गाडी मी चालवते. बाजाराचंही मी बघते."

"मग?"

"हे म्हणाले, मग भिकन काय करील?"

भिकननं तांब्याच्या फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली. मग परत सोडली. रविवार कारंजा आला, गेला. होळकर पूल आला. पुन्हा खालून गोदावरी गेली.

"तिला वाटत आसंल, हे लोक नुसते ओलांडतात," वहिनी म्हणाली.

परत मामाचा फोन. या वेळी भिकननं घेतला. "आलो, मामा. मालेगाव स्टँडला हाय."

"गाडी नीट चालतीय ना?"

भिकननं वहिनीकडं बघितलं. वहिनी हळूच म्हणाली, "सांगा, लय नीट चालतीय. आन् सांगा, उद्या माणूस पाठवू नका. सोमवारी झेंडू भरायचाय."

भिकननं तसं सांगितलं. मामा म्हणाला, "बरं बाबा, ठेवा. पण चालवतंय कोण?"

भिकननं फोन ठेवला. त्याच्यापाशी आता दोन प्रश्न झाले होते.

मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडं उतार लागतो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना फुलांच्या टोपल्या, तांब्या-पितळेची दुकानं. खाली घाटावर मामाची जीप दिसायला लागली, शेजारी आई, आणि घड्याळ बघणारे गुरुजी. वहिनीनं गाडी हळू केली. मग तिनं आपला डावा पाय उचलला, दुमडला आणि सीटवर घेतला. दादा घ्यायचा तसाच.

"भाऊजी," ती समोर बघत म्हणाली, "घ्या."

भिकनचा उजवा पाय तोवर निम्म्यात पोचलाच होता. दाबता दाबता त्यानं खाली बघितलं. गिअरचा दांडा त्याच्याच दोन गुडघ्यांच्या मध्ये होता. वहिनीनं तो उतार लागतानाच न्यूट्रलला आणून ठेवला होता. गाडी उतारावर आपली आपण घरंगळत होती आणि वहिनीचा पाय ब्रेकवर होता. क्लचचं तिथं कवडीचंही काम नव्हतं, आणि हे नाशिक जिल्ह्यात भिकनइतकं चांगलं दुसऱ्या कुणालाच कळलं नसतं.

त्यानं तांब्या छातीशी धरला आणि गाडी घाटावर थांबेपर्यंत क्लच तळापर्यंत दाबून ठेवला.